पाठ नसलेला पुतळा

सांगलीच्या कापड पेठेत माझ्या मामांचं दुकान होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे असलो की काचेतल्या पुतळ्यांना कपडे चढवायचं काम माझ्याकडे यायचं. पुतळे दोनच, अंगाने ३८ चे. मामांना दाखवायचा असायचा तो शर्ट मात्र बहुतेक वेळा ४२ चा, कारण ३८ चे आधीच खपलेले असायचे. मग शर्ट चढवायचा, समोरून बटणं लावायची आणि मागे जाऊन उरलेल्या कापडाची मूठभर चुणी धरून टाचण्या मारायच्या. समोरून शर्ट अंगावर शिवल्यासारखा, मागे पाठीवर बोचकं. मामा म्हणायचे, "वरून कीर्तन, आतून तमाशा." मागची बाजू गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून पुतळे भिंतीला टेकवायचे, तर ते बोचकं मध्ये यायचं आणि पुतळा नमस्कार करायला वाकल्यासारखा पुढे कलायचा.

पुढे मी डिझाइन नोंदणीची कामं करायला लागलो आणि एक जुना अमेरिकी निकाल वाचनात आला. त्यातल्या वस्तूंचं वर्णन वाचताना मला एकदम ती काच आठवली. छाती आणि खांद्यांचे चार पुतळे, खऱ्या माणसाच्या मापाचे. मान नाही, हात नाहीत आणि पाठही नाही, मागून नुसतं पोकळ कवच. ही पोकळी कशासाठी, तर कपडा चढवल्यावर उरलेलं कापड आत सारता यावं म्हणून. मामांच्या बोचक्यावर कुणीतरी तोडगा काढला होता.

खटल्याचं नाव कॅरोल बार्नहार्ट इनकॉर्पोरेटेड विरुद्ध इकॉनॉमी कव्हर कॉर्पोरेशन. अमेरिकेच्या दुसऱ्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे अपिलांसाठी पाडलेला राज्यांचा गट) अपील न्यायालयाने सप्टेंबर १९८५ मध्ये त्याचा निकाल दिला. कलावस्तू कुठे संपते आणि कामाची वस्तू कुठे सुरू होते, हा प्रश्न तिकडच्या कॉपीराइटच्या वर्गात निघाला की हा खटला निघतोच. वकिलांनी त्यावर पुष्कळ लिहिलं आहे. मला तो काउंटरच्या आतल्या बाजूने सांगायचा आहे, कारण तिथून पाहिलं की निकालाचा अर्थ थोडा बदलतो.

हकीकत

बार्नहार्ट कंपनी मार्च १९८२ मध्ये सुरू झाली. दुकानांत कपडे मांडायला लागणारे पुतळे करून ती मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरना, वितरकांना आणि छोट्या दुकानदारांना विकत असे. कंपनीच्या अध्यक्षाबाईंनी पुतळे स्वतः घडवले. आधी माती, बटणं आणि कापड वापरून मूळ नमुना केला, त्यावरून ॲल्युमिनियमचा साचा बनवला आणि साच्यातून पांढऱ्या स्टायरीनचे पुतळे काढले. स्टायरीन म्हणजे आपल्या घरोघरच्या गणपतीच्या मखरातून आता हद्दपार झालेला थर्माकोल. अशा साच्यात बारीक मणी भरून वाफ सोडतात, मणी फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि साच्याचा आकार धरतात. मूळ मातीकामात बोटाने दाबलेली खळगीसुद्धा शेवटच्या नगात उतरते. वजन जवळजवळ नाही आणि टाचणी कुठेही रुतते. ज्याने कधी फायबरच्या पुतळ्यावर टाचणी मोडली आहे, त्याला या शेवटच्या गुणाची किंमत कळेल.

चारांत दोन पुरुषी आणि दोन बायकी. प्रत्येक जोडीतला एक उघड्या अंगाचा, शर्ट आणि स्वेटर दाखवण्यासाठी. दुसऱ्याच्या अंगावर शर्ट कोरलेलाच होता, त्यावर स्वेटर किंवा जाकीट चढवायचं.

पहिला पुतळा पुरुषी शर्टाचा. जुलै १९८२ अखेर त्याच्यावर १८,००० डॉलरच्या मागण्या आल्या होत्या. डिसेंबरपर्यंत चारही तयार झाले आणि मांडणी-सामान बनवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे 'नाडी'च्या, व्यापारी प्रदर्शनात ठेवले गेले. मागण्याही वाढत गेल्या. नवख्या कंपनीला हे म्हणजे पहिल्याच नांगरटीला हंडा लागावा तसं.

इकॉनॉमी ही याच धंद्यातली जुनी कंपनी. तिचा माल बराच, पण गिऱ्हाईक घाऊक व्यापारी, वितरक आणि साखळी दुकानं. १९८३ च्या सुरुवातीला तिला कळलं की बार्नहार्टचे पुतळे थेट किरकोळ दुकानांत जात आहेत. तिने पुतळे पाहिले, जाहिरातपत्रकं पाहिली. कॉपीराइटची खूण कुठेच नव्हती. मग तिने तसेच चार पुतळे करवून घेतले आणि सप्टेंबर १९८३ मध्ये 'ईझी पिन शेल फॉर्म्स' या नावाने विकायला काढले. नावातच सगळं आलं: टाचणी सहज लागते आणि आतून पोकळ.

त्याच महिन्यात बार्नहार्टने नाडीकडे तक्रार केली की आमच्या मालाची हुबेहूब नक्कल कमी भावात विकली जात आहे, हे थांबवा. इकॉनॉमीच्या वकिलांनी संघटनेच्या नीतिसमितीच्या अध्यक्षांना १७ ऑक्टोबर १९८३ रोजी उत्तर पाठवलं. आम्ही काहीही आडमार्गाने केलेलं नाही, या पुतळ्यांवर ना पेटंट, ना कॉपीराइट, ना ट्रेडमार्क, असा त्याचा मथितार्थ.

आता तारीख पाहा. त्याच १७ ऑक्टोबरला बार्नहार्टने कॉपीराइट कार्यालयात अर्ज केला. खटला होण्याची शक्यता आहे, म्हणून तातडीने तपासा, अशी विनंती केली. अर्जात पुतळ्यांचा प्रकार लिहिला 'शिल्प'. नोंदणी त्याच दिवशी मिळाली. दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, इकॉनॉमीला विक्री बंद करण्याची नोटीस गेली.

नोव्हेंबरमध्ये घडलेला प्रकार मला सगळ्यात बोलका वाटतो. बार्नहार्टने आपल्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवली की आमच्या पुतळ्यांवर कॉपीराइटची खूण अनवधानाने राहून गेली, सोबत चिकटपट्ट्या पाठवत आहोत, शिल्लक मालावर लावून घ्याव्यात. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात वस्तूवर खूण असणं सक्तीचं होतं. राहून गेली तर पाच वर्षांच्या आत नोंदणी करून आणि खूण लावण्याचा रास्त प्रयत्न करून ती चूक दुरुस्त करता येत असे. म्हणजे चिकटपट्ट्या पाठवणं हा वेडेपणा नव्हता, वकिलाचा नेमका सल्ला होता. तरी पहिला माल बाजारात जाऊन दीड वर्ष उलटलेलं. दुकानदार काचेतल्या पुतळ्याचा स्वेटर काढून आत पट्टी चिकटवत बसला असेल, असं मला तरी वाटत नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये दावा दाखल झाला.

वाद नकलेचा नव्हताच

बाहेरच्या माणसाला वाटेल, खटला नक्कल केली की नाही यावर गाजला असेल. तसं झालं नाही. इकॉनॉमीने, निदान आपल्या अर्जापुरतं, सरळ मान्य केलं की आमचे पुतळे यांच्यावरूनच केले आणि ते बरेचसे सारखे आहेत. तिचं म्हणणं एवढंच की ज्याची नक्कल केली त्यावर कुणाचा हक्कच नाही, मग चोरी कसली? पूर्ण सुनावणी न घेताच निकाल द्या, असा अर्ज तिने केला. न्यूयॉर्कच्या पूर्व जिल्ह्याचे न्यायाधीश लेनर्ड वेक्सलर यांनी १९८४ मध्ये तो मान्य केला. त्यावर अपील झालं.

इथे कायद्याची एक गाठ सोडवावी लागते. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात शिल्पाला कॉपीराइट आहे. पण जी वस्तू मुळात वापरायची आहे, म्हणजे नुसती दिसण्यासाठी किंवा माहिती देण्यासाठी नाही, तिच्या आकाराला कॉपीराइट मिळत नाही. खुर्ची कितीही सुंदर असो, खुर्चीच. मात्र त्या वस्तूत एखादा कलात्मक भाग असा असेल की तो उपयोगापासून वेगळा ओळखता येतो आणि स्वतंत्र उभा राहू शकतो, तर तेवढ्या भागाला संरक्षण मिळतं. हे वेगळेपण प्रत्यक्ष असू शकतं किंवा कल्पनेतलंही, असं कायद्यासोबतच्या संसदीय अहवालात म्हटलं होतं. प्रत्यक्ष वेगळं करणं सोपं: गाडीच्या बॉनेटवरची मूर्ती पिळून काढा, गाडी चालतेच. कल्पनेत वेगळं करायचं म्हणजे नक्की काय, यावर न्यायालयं पुढची तीसएक वर्षं डोकं खाजवत राहिली.

एवढी कटकट का, तर मुदतीमुळे. कंपनीच्या कामावर कॉपीराइट तेव्हा प्रसिद्धीपासून ७५ वर्षं चालायचा आणि तो नवेपणा न तपासताच मिळायचा. वापराच्या वस्तूच्या दिसण्यासाठी असलेलं डिझाइन पेटंट १४ वर्षांचं, आणि नवेपणा तपासून मिळणारं. ज्याला १४ वर्षांच्या दारातून जायला हवं तो ७५ च्या दारातून घुसला, तर पुतळे, हँगर, खुर्च्या, दिवे यांच्या साध्या घाटांवरही पाऊण शतक एकेकाची मालकी बसेल, ही भीती खरी होती.

बार्नहार्टच्या हातात पत्ते तसे बरे होते. तीस वर्षांपूर्वी, १९५४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नर्तक-नर्तकींच्या चिनी मातीच्या छोट्या मूर्तींना कॉपीराइट मान्य केला होता, त्या मूर्ती टेबललॅम्पचे पाय म्हणून विकल्या जात असूनही. शिवाय १९८० मध्ये याच दुसऱ्या सर्किटने कीझलस्टीन-कॉर्ड यांच्या पट्ट्याच्या बकलांना संरक्षण दिलं होतं. ती बकलं लोक कमरेखेरीज गळ्यातही घालत होते आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ती आपल्या संग्रहात घेतली होती. बार्नहार्टने तोच धागा धरला: आमचे पुतळेही लोक कपडे न चढवता नुसते सजावटीला मांडतात. मागणी पाहून अध्यक्षाबाईंची खात्री झाली होती की लोक ते सोयीसाठीच नव्हे, त्यांतल्या शिल्पकामासाठीही घेत आहेत.

जाहिरात मात्र वेगळं बोलत होती. कंपनीच्या पत्रकांत भर होता तो स्वेटर, ब्लाउज, शर्ट यांवर किती छान दिसतात यावर. पुढे असंही की पाठवायला सोयीच्या मापाच्या खोक्यांत बांधून मिळतात आणि डझनाच्या पटीत विकले जातात. न्यायालयाने हे आपल्या निकालाच्या अगदी सुरुवातीलाच नोंदवलं. शिल्प डझनावर विकलं तर ते शिल्प राहत नाही, असा काही कायदा नाही. पण एकीकडे अर्जात 'शिल्प' आणि दुसरीकडे पत्रकात 'डझन', हे शेजारी शेजारी वाचलं की वाचणाऱ्याच्या मनावर काय उमटतं ते उमटतंच.

दोन विरुद्ध एक

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती मॅन्सफील्ड यांनी लिहिला, न्यायमूर्ती मेस्किल त्यांच्यासोबत. गाभा एका तुलनेत आहे. बकलावरची नक्षी बकलाच्या कामाला लागत नव्हती. नक्षी नसती तरी पट्टा कमरेला बसलाच असता. कारागिराने ती वर चढवली होती. पुतळ्याचं तसं नाही. बार्नहार्ट ज्याला कला म्हणते, छातीचा उभार, खांद्यांची रुंदी, ते नसेल तर कपडा टांगायचा कशावर? कपडे दाखवणाऱ्या धडाला काहीतरी छाती आणि काहीतरी खांदे असावेच लागतात. कला आणि काम एकमेकांत असं विणलेलं आहे की धागा ओढला तर सगळंच उसवेल. लोक पुतळे नुसते मांडतात, याचा अर्थ ते देखणे आहेत एवढाच, वेगळे काढता येतात असा नाही.

न्यायमूर्ती जॉन न्यूमन यांचं मत भिन्न. त्यांनी कसोटी पाहणाऱ्याच्या मनात ठेवली. सामान्य माणूस वस्तूकडे पाहतो तेव्हा त्याच्या मनात उपयोगाखेरीज दुसरी अशी एखादी कल्पना उभी राहते का, जी निदान क्षणभर उपयोगाला बाजूला सारते? खुर्ची संग्रहालयात ठेवण्याइतकी सुंदर असली तरी पाहणाऱ्याला ती सुंदर खुर्चीच दिसते, म्हणून ती बाद. पण उघड्या अंगाचे ते दोन पुतळे पाहून कुणालाही आधी मानवी धडाचं शिल्पच दिसेल, असं त्यांना वाटलं. त्या दोघांवर त्यांनी थेट बार्नहार्टच्या बाजूने निकाल दिला असता. शर्ट कोरलेल्या दोघांबद्दल ते साशंक होते. पाहणाऱ्याला शिल्प दिसेल की दुकानातला पुतळा, हे सुनावणी घेऊन ठरवावं, असं त्यांचं मत पडलं. बहुमताने ही कसोटी इतकी हवेतली ठरवली की ती कसोटीच म्हणता येणार नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, दोन्ही बाजू शर्टवाल्या पुतळ्यांवर घसरल्या. कोरलेली कॉलर, कोरलेली बटणं, कापडाच्या घड्या: ही तर बकलावरच्या नक्षीसारखीच वर चढवलेली कला. छाती-खांदे लागतात हे मान्य, पण थर्माकोलवर बटण कोरायची कामाला काय गरज? बार्नहार्टचा सगळ्यात बळकट दावा या दोघांवरच होता आणि तोच अंधुक राहिला, असं मी माझ्या वहीत लिहूनही ठेवलं होतं.

मग एकदा मामीशी बोलताना थंडीचा विषय निघाला. स्वेटर काचेत लावताना आम्ही काय करायचो? नुसता स्वेटर पुतळ्यावर घातला तर गळा बोडका दिसतो, म्हणून आतून एक शर्ट घालायचा. कॉलर दोन बोटं वर काढायची, वरची बटणं दिसतील असा गळा मांडायचा. त्यासाठी एक चांगला शर्ट विक्रीतून बाजूला ठेवावा लागायचा, आणि तो महिनाभर उन्हात राहून खांद्यावर उडायचा. मामी दर वर्षी त्यावरून कुरकुरायची. बार्नहार्टच्या कोरीव शर्टाने तो एक शर्ट वाचवला. कॉलर स्वेटरमधून वर डोकावते, बटणं गळ्याशी दिसतात आणि दुकानदाराला आत काही घालावं लागत नाही. म्हणजे ती बटणं नक्षी नव्हतीच, दुकानदाराचा वाचलेला माल होता. माझा बळकट दावा काउंटरच्या आत पाऊल टाकताच सगळ्यात लंगडा निघाला. उघड्या अंगाच्या पुतळ्यात कलाकाराला निदान छातीचा घाट हवा तसा घडवायची मोकळीक होती. शर्टवाल्यात कॉलर किती वर यावी हे स्वेटरच्या गळ्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

म्हणून बहुमताचा शेवट मला पटतो, पण त्यांच्या वाटेने नाही. ते खांद्यांच्या रुंदीवर थांबले. आणि खांद्यांबद्दल बार्नहार्टला उत्तर होतं: रुंदी कामाला लागते, पण नेमकी हीच रुंदी, हाच घाट थोडाच लागतो? त्या प्रश्नाला निकालात समाधानकारक उत्तर नाही. पुतळा फिरवून मागून पाहिला असता तर ते सापडलं असतं. शिल्पकार स्वतःच्या शिल्पाची अख्खी पाठ काढून टाकतो, ती उरलेलं कापड कोंबायला. तिथे घडवताना हातापुढे काय होतं, याचा याहून उघड पुरावा कोणता हवा?

मारा

आकार घडवताना हात कशाने बांधलेला होता, हा प्रश्न पुढे दुसऱ्या एका न्यायालयाने विचारला, आणि तोही पुतळ्याबद्दलच. शिकागोच्या सातव्या सर्किटने २००४ मध्ये निकाल दिलेलं पिव्हट पॉइंट विरुद्ध शार्लीन प्रॉडक्ट्स हे प्रकरण. केशरचना शिकवण्यासाठी लागणाऱ्या डोक्यांचं. पिव्हट पॉइंटने होर्स्ट हीरलाइन या जर्मन कलावंताकडून १९८८ मध्ये एक डोकं घडवून घेतलं, नाव 'मारा'. सूचना एवढीच की फॅशन शोमध्ये चालणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यावर असतो तो भुकेला भाव हवा. पुढच्या वर्षी एका व्यापारी प्रदर्शनात शार्लीनने 'लायझा' मांडली. चेहरा जवळजवळ तोच. आणि चोरी पकडून देणारा तपशील असा: माराच्या सुरुवातीच्या काही नगांत केस रोवताना चूक होऊन कपाळावर केसांची दुहेरी रेषा आली होती. लायझालाही ती दुहेरी रेषा होती! शेजाऱ्याची वही उतरवताना त्याच्या चुकाही उतरवणाऱ्या पोराची आठवण होते.

खालच्या न्यायालयात बार्नहार्टसारखाच निकाल लागला, आणि तो देणारे न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक, म्हणजे एरवी अपील न्यायालयात बसणारे दिग्गज. अपिलात तो फिरला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: केस कापायला डोकं लागतं, रंगरंगोटीच्या सरावाला चेहरा लागतो, पण डोळ्यांतला तो भुकेला भाव, नाकाचा तो घाट कुणी कामासाठी मागितला नव्हता. तो कलावंताने आपल्या मनाने निवडला. बार्नहार्टमध्ये तसं नव्हतं, तिथे आकाराला कपड्यांच्या मांडणीने वळण दिलं होतं. दोन पुतळे, दोन निकाल, आणि मधला फरक एका चेहऱ्याचा.

२०१७ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने चीअरलीडरांच्या गणवेशावरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या नक्षीच्या खटल्यात, स्टार ॲथलेटिका विरुद्ध व्हार्सिटी ब्रँड्स, या सगळ्या कसोट्या बाजूला सारून एक नवी दिली. भाग वेगळा करून कल्पनेत दुसऱ्या माध्यमात ठेवा, तिथे तो स्वतः कलाकृती ठरतो का ते पाहा. उरलेली वस्तू तितकीच उपयोगी राहते का, ही काळजी करू नका. त्या कसोटीवर बार्नहार्टचे उघडे पुतळे आज कदाचित तरले असते. संगमरवरात धड कल्पून पाहा, शिल्पच दिसतं. पण मग पुतळ्यातून धड काढल्यावर उरतं काय? हवा. त्या नव्या कसोटीनंतर केळ्याच्या आकाराच्या पोशाखालाही कॉपीराइट मान्य झाला आहे, तेव्हा तिकडे कुणी काहीही ठरवू शकतं.

आपल्याकडे

भारतात हाच खटला झाला असता तर कलेच्या व्याख्येत शिरायची वेळ बहुधा आलीच नसती. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या, १९५७ च्या, कलम १५ मध्ये हिशेब आहे तो मोजणीचा. जे डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखं होतं पण नोंदवलं नाही, त्याची वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवान्याने औद्योगिक पद्धतीने ५० हून जास्त वेळा बनवली की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपला. बार्नहार्टचे पुतळे डझनाच्या पटीत जायचे. चार डझन म्हणजे ४८, तोवर ठीक. पाचव्या डझनातला तिसरा नग साच्यातून निघाला की खेळ खलास. मागण्यांच्या त्या गर्दीत ती ५१ ची वेस कधी ओलांडली हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

हे कलम कोरडं वाटतं, पण त्यावरून मोठे खटले झाले. सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये मायक्रोफायबर्स प्रकरणात निकाल दिला. नक्षी औद्योगिक मालावर उतरवायला काढली असेल तर तिने डिझाइनच्या दारातूनच यावं, असा त्याचा रोख. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स प्रकरणात पुन्हा याच कलमाची उकल केली. तिथे वस्तू होती नैसर्गिक वायू वाहणाऱ्या ट्रेलरच्या भागांची रेखाटनं. आधी पाहा की ही निखळ कलाकृती आहे की औद्योगिक पद्धतीने वस्तूवर उतरवलेलं डिझाइन. पुरतं ठरत नसेल तर मुख्य काम काय, सौंदर्य की उपयोग, हे तपासा. सांगायचं तात्पर्य, मॅन्सफील्ड आणि न्यूमन यांचं भांडण आता आपल्या ओसरीवर आलं आहे.

डिझाइनचं दार सोपं आहे. २००० चा डिझाइन कायदा, कार्यालय कोलकात्याला, मुदत दहा वर्षं आणि वाढवून आणखी पाच. हँगरला तर वर्गीकरणात स्वतःचा उपवर्ग आहे, ०६-०८. अट एकच जाचक: अर्जाच्या आधी ते डिझाइन कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं. अमेरिकेत डिझाइन पेटंटसाठी विक्री सुरू झाल्यापासून एक वर्षाची सवड असते. बार्नहार्ट भांडायला उठली तोवर पहिल्या पुतळ्यापुरती ती सवडही सरली होती. इथे, नेहमीच्या धंद्यात तर, तेवढीही नाही.

मागच्या वर्षी एक गृहस्थ आले. साडी दाखवायचा स्टँड त्यांनी बनवला होता: लोखंडी सळईचा, एका बाजूला खांदा, पुढे निऱ्या धरणारा पाच दातांचा चाप, उघडमीट करता येणारा. साडी लावायला दोन मिनिटं लागत होती आणि टाचणी एकही नाही. मला तो इतका आवडला की मी चाप दहा वेळा उघडून पाहिला. त्यांच्या गावच्या एका कारखान्याने तसाच काढला होता, शंभर रुपयांनी स्वस्त, म्हणून ते तावातावाने आले होते.

"नोंदणी केली होती का?"

"नाही साहेब. पण मी आधी केलाय, पुरावा आहे." त्यांनी मोबाइल काढला. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सात महिन्यांपूर्वी टाकलेला फोटो, चारही बाजूंनी, खाली भाव आणि फोन नंबर. ते मोठ्या अभिमानाने एकेक फोटो सरकवत होते.

"माल किती गेला आतापर्यंत?"

त्यांनी पिशवीतून चलनबुक काढलं, अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटली आणि ओठ हलवत बेरीज केली.

"सहा डझन," ते म्हणाले. "पहिल्याच महिन्यात."